लॅपटॉपची पडताळणी

एका घरात दोन कॉम्प्युटर असले म्हणून काही बिघडत नाही. पण त्यांतला जास्त कुठला पळतो हे ठरवायला घरातली माणसं बसली, की मग त्या घराचं काही खरं नाही. या घरात हे सोमवारपासून चाललं होतं. गुरुवार उजाडेपर्यंत सूनबाईच्या डोक्याला इतका ताप झाला होता, की दोन्ही यंत्रं गॅलरीतून खाली सोडावीत आणि कुणाच्या डोक्यात पडली हे बघायलाही वाकू नये, असं तिला वाटायला लागलं होतं.

मूळ भानगड खोलीची. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, हे सूनबाईचं काम. सात वर्षं ती ते निम्मं दवाखान्यात आणि निम्मं घरून, आपल्या जुन्या लॅपटॉपवर करत आली होती. आता दवाखान्याने भाड्याची जागा सोडायचं ठरवलं. एक तारखेपासून सगळं घरून. दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की बंद दाराची खोली पाहिजे. पेशंट तुमच्यासमोर तोंड वेडंवाकडं करतात, कधी रडतात, त्यांच्या कानावर मागून कुकरच्या शिट्या पडलेल्या चालणार नाहीत. शुक्रवार संध्याकाळपर्यंत खोलीचा फोटो पाठवा, नाहीतर तुमचे चौदाच्या चौदा पेशंट दुसऱ्या कुणाला देऊ. बाई बोलायला गोड होत्या, पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

आणि घर कसलं, तर हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. मोठी नवरा-बायकोची, लहान सासऱ्यांची. लहान खोलीत एक कॉट, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक टेबल. टेबलावर पडदा, टेबलाखाली एक भलामोठा काळा डबा. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी स्वतः एकेक भाग निवडून तो जोडून घेतला होता. चालू केला की त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. शेजारपाजारचे लोक जुन्या व्हिडिओ कॅसेट आणून द्यायचे आणि सासरे त्या कॉम्प्युटरवर उतरवून, आकाराने लहान करून परत द्यायचे. फुकट. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यांनी याच खुर्चीत काढली होती.

निवृत्तीआधीची चौतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदाराला घाम फुटायचा. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना दारातून दिसायचं म्हणे. घरातसुद्धा दुधाच्या पिशवीपासून झोपेच्या तासांपर्यंत सगळं मोजून. मापात पाप नको, हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल.

आता इतकं सगळं असताना, माणसाने काय करावं? घरातल्या तिघांना एकत्र बसवून विचारावं. पण आमचे चिरंजीव, म्हणजे सूनबाईचा नवरा, विचारण्यातले नाहीत, सुचण्यातले. रविवारी ते एक नवा कोरा लॅपटॉप घेऊन आले आणि वडिलांच्या मांडीवर ठेवून मोकळे झाले. आता तुम्हाला टेबलच लागणार नाही म्हणाले. हॉलमध्ये बसा, गॅलरीत बसा, वारा खात काम करा. डबा भंगारात देऊ, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खोली हिला. रात्री तुमची तुम्हाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तसली गत. सूनबाईला खोली हवी होती हे खरं, पण म्हाताऱ्याला भर दिवसा खोलीबाहेर काढून हवी होती असं तिने कधी म्हटलं नव्हतं. तसं नको असंही तिने म्हटलं नाही. शुक्रवार जवळ आला होता.

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, खालचा कागद चष्मा वर करून वाचला. मग शांतपणे म्हणाले, की पडताळणी झाल्याशिवाय कुठलंही नवं माप वापरात येत नाही. दोन्ही यंत्रांना एकच काम देऊ. जे लवकर करेल ते राहील, दुसरं जाईल. लेखी.

चिरंजीव खूश. त्यांच्याकडे तक्ते होते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. डब्यातला चार हातांनी काम करतो आणि नव्यातला दहा हातांनी, शिवाय निम्म्या विजेत. असला निकाल आधीच ठरलेला सामना कुणाला आवडणार नाही? त्यांनी वडिलांशी हात मिळवला आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघून गेले. जेवणाचा डबा, तो नव्हे. तो टेबलाखालीच राहिला, आणि सामन्यावर लक्ष ठेवायचं काम आपसूक सूनबाईच्या गळ्यात पडलं.

सासऱ्यांची पडताळणी म्हणजे काय खेळ आहे? समोरच्या दंतवैद्यबाईंच्या पोहण्याच्या शर्यतीची, आधीच उतरवून ठेवलेली एक तासाची फीत त्यांनी निवडली. दोन्ही यंत्रांनी तीच फीत लहान करायची. हातात थांबघड्याळ. भिंतीवर थर्मामीटर, कारण उन्हाने यंत्र मंदावतं. फुटपट्टीने आखलेली वही. आणि काम चालू असताना पंखा लावायचा नाही, दार उघडायचं नाही, मोठ्याने पावलं टाकायची नाहीत. सूनबाई जेवणाच्या टेबलाशी बसून पेशंटशी बोलायची, तर आतून त्यांचा आवाज यायचा, की जरा हळू, माप चाललंय.

सोमवारी डब्याने अठ्ठावन्न मिनिटं घेतली. मंगळवारी नव्याने घेतली एकाहत्तर.

त्या मंगळवारचं सांगायलाच हवं. समोर पडद्यावर एक निवृत्त बस कंडक्टर बसले होते. तीस वर्षं भरल्या बसमध्ये ओरडून थांबे सांगितलेला माणूस, आणि आता दोन आठवडे तो 'पाणी' हा एक शब्द म्हणायला धडपडत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे ओठ जुळले. सूनबाईने श्वास रोखून धरला. तेवढ्यात तिच्या खांद्यामागे सासरे येऊन उभे राहिले आणि थांबघड्याळ पुढे धरून म्हणाले, एक तास अकरा मिनिटं चार सेकंद. कंडक्टरांनी पडद्यावरच्या त्या परक्या माणसाकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. त्यांच्या मुलीने फोन बंद केला. बुधवारी मोठ्या बाईंचा फोन आला, आवाज नेहमीइतकाच गोड, की असं पुन्हा झालं तर शुक्रवारचीही वाट बघायला नको. सूनबाई हो म्हणाली, फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

बरं, चिरंजिवांनी काय करावं? ते रोज संध्याकाळी घरी यायचे, वहीतले मिनिटांचे आकडे बघायचे आणि चक्रावून जायचे. दहा हात चार हातांना हरतातच कसे? मग ते मोठ्या खोलीत जायचे, खिडकीपाशी आपल्या टेबलाशी बसायचे, दार लोटून घ्यायचे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तक्ते चाळायचे. मधूनच दार किलकिलं करून ओरडून सांगायचे, की बाबांना म्हणावं सॉफ्टवेअर बदलून बघा, हिला म्हणावं लॅपटॉप खिडकीजवळ ठेव. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बुधवारी पडताळणी पुन्हा दोन वेळा झाली. एकदा सत्तर मिनिटं, एकदा बहात्तर. सासऱ्यांनी वही मिटली आणि जाहीर केलं, की नव्यात दम नाही.

गुरुवारी सकाळी सासरे केस कापायला गेले. न्हावी बोलका होता, म्हणजे तास-सव्वा तासाची निश्चिंती. सूनबाईने पदर नाही, पण ओढणी खोचली आणि लहान खोलीत शिरली. आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच. सात वर्षं लॅपटॉपवर काढलेली बाई ती. तक्त्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण लॅपटॉपची नाडी कळत होती. झाकण उघडल्याबरोबर कोपऱ्यातली खूण तिच्या डोळ्यांत भरली. बॅटरी बचत चालू. आणि चार्जर? तो खोक्यातच होता. त्याच्या वायरीची दुकानातली गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती.

बचतीवर टाकलेला लॅपटॉप म्हणजे अर्ध्या पोटी कामाला जुंपलेलं माणूस. तो चालतो, पण हात राखून. आधी तिला वाटलं, म्हाताऱ्याला माहीत नसेल. मग तिने वही उघडली.

तारीख, यंत्र, फीत, तापमान, वेळ, असे रकाने होते. आणि अगदी शेवटी, पानाच्या कडेला, एक रकाना 'स्थिती'. डब्यापुढे लिहिलं होतं, वीज जोडलेली. लॅपटॉपपुढे तिन्ही वेळा, त्याच सरळ, खोडाखोड नसलेल्या अक्षरात लिहिलं होतं, चार्जर जोडलेला नाही, बॅटरी बचत चालू केली. चालू होती नव्हे, चालू केली. खाली सही. चिरंजीव मिनिटांच्या पुढे वाचत गेलेच नव्हते.

सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. तिने वायरीची गाठ सोडली, चार्जर जोडला, बचत बंद केली, तीच फीत लावली आणि कॉटवर बसून राहिली. दंतवैद्यबाई पाण्यात सूर मारतात, तिथून शेवटच्या पदकापर्यंत सगळं लहान करून झालं तेव्हा घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती. सव्वीस! अठ्ठावन्नच्या निम्म्याहून कमी. तिला आनंद व्हायला हवा होता, कारण खोली तिची झाली होती. पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सासरे आले ते मानेवरचे केस झटकत. टेबलावरची सोडलेली वायर त्यांनी पाहिली आणि दारातच थांबले.

"सव्वीस मिनिटं, बाबा," ती म्हणाली.

ते कॉटच्या कडेला बसले. चार्जर लावलास का, एवढंच त्यांनी विचारलं. तिने हो म्हटलं. बरोबर आहे, म्हणाले, तसंच मोजायला हवं होतं.

त्या शांतपणाने तिचा उरलासुरला तोल गेला. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती या माणसाशी आवाज चढवून बोलली नव्हती, ते सगळं आज निघालं. कंडक्टरांचे जुळलेले ओठ तुमच्यामुळे मिटले, म्हणाली. माझी चौदा माणसं जायची वेळ आली आहे. जन्मभर लोकांच्या तराजूखालचं मेण खरवडलंत आणि शेवटी स्वतःच मेण लावलंत, तेही घरात, तेही माझ्याशी. आणि लावायचं तर लावायचं, वर वहीत लिहून ठेवायचं?

"माप चुकीचं करता आलं," सासरे म्हणाले. "खोटं लिहायला हात वळेना."

"पण का?"

त्यांनी टेबलाखालच्या डब्याला पायाने जरासं ढकलून बघितलं. तो हलला नाही.

"हा जड आहे म्हणून कुणी उचलत नाही. हा आहे म्हणून टेबल आहे, टेबल आहे म्हणून मला खुर्ची आहे. लॅपटॉप आला की माणूस कुठेही बसू शकतो. आणि कुठेही बसणाऱ्याला घरात जागा नसते गं. सात वर्षं बघतोय ना मी तुला."

सूनबाईच्या रागाला आता जायला वाटच राहिली नाही, आणि तरी तो होताच.

"बघत होतात, मग बोलला का नाहीत कधी?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "माझी खुर्ची शाबूत होती," ते म्हणाले.

खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण. ती उठली, जाऊन कुकर लावला. चार वाजता सासऱ्यांनी चहा करून तिच्या समोर ठेवला, पेशंट पडद्यावर होता म्हणून चोरपावलांनी, आणि खोलीत जाऊन वहीत सव्वीसचा आकडा लिहिला. पडताळणी करणाऱ्याच्या रकान्यात तिला सही करायला बोलावलं. तिने केली.

रात्री ताटं वाढल्यावर चिरंजिवांनी नेहमीचा प्रश्न टाकला, आज काय निकाल. सूनबाई काही बोलायच्या आत सासऱ्यांनी सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप सव्वीस मिनिटं, डबा अठ्ठावन्न. आधीची तिन्ही मापं मी मुद्दाम चुकीची केली, आणि त्याबद्दल मला लाज वाटते.

चिरंजिवांनी तो शेवटचा भाग ऐकला असेल असं वाटत नाही. सव्वीस ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. सांगत नव्हतो मी? दहा हात म्हणजे दहा हात! त्यांनी लगेच फर्मान काढलं. उद्या सकाळी भंगारवाला बोलावू, दुपारी हिचा फोटो पाठवून मोकळे. बाबा, तुम्ही गॅलरीत बसा, ऊन आलं की हॉलमध्ये या, पाहुणे आले की... काय, कुठेही बसा.

"लॅपटॉपचा तोच तर फायदा आहे," ते भाजी घेत म्हणाले. "हिच्याकडे बघा ना. सात वर्षं कुठेही बसते. हिचं कधी काही अडलंय?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. मुलाकडेही पाहिलं नाही.

"अडलंय," सूनबाई म्हणाली.

चिरंजीव हसत होते ते हळूहळू थांबले. तिचा आवाज चढला नव्हता. रोज अडलंय, ती म्हणाली, आणि मग पुढे काय बोलावं हे शोधताना तिची नजर मोठ्या खोलीच्या उघड्या दाराकडे गेली. आत खिडकीपाशी टेबल होतं. चांगलं चार फुटी, वर दिवा, पुढे फिरती खुर्ची. टेबलावर चिरंजिवांची हेडफोनची खोकी, बंद पडलेले दोन फोन, आणि रविवारपासून तिथेच पडलेलं नव्या लॅपटॉपचं रिकामं वेष्टन. माणूस दिवसभर ऑफिसात. नऊ ते सहा त्या खुर्चीत कुणीही बसत नव्हतं. आणि त्या खोलीला दार होतं, दाराला कडी होती.

सोमवारपासून या घरात सेकंदासेकंदाची मोजदाद चालली होती. थर्मामीटर लागला, वही आखली, एका म्हाताऱ्याने आयुष्यभराची पत घालवली, एका बाईने नळ सोडून रडून घेतलं. त्या टेबलाचं नाव कुणी काढलं नव्हतं. नवऱ्याला सुचलं नाही ते एक वेळ ठीक. पण तिलाही सुचलं नव्हतं, याचा तिला आता सगळ्यात जास्त राग आला. ती सरळ सासऱ्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसली होती, जशी काही घरात तेवढी एकच खुर्ची होती.

"डबा कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मी तुझ्या टेबलाशी बसणार. दार लावून."

चिरंजीव गोंधळले. माझं टेबल कसं, म्हणाले. माझं सामान आहे त्यावर. आणि मी रोज संध्याकाळी बसतो तिथे. रविवारी तर दिवसभर लागतं मला.

"तुला हा लॅपटॉप आहे ना," ती म्हणाली. "सव्वीस मिनिटांचा."

वडिलांकडून काही मदत येते का म्हणून चिरंजिवांनी तिकडे पाहिलं. सासरे उठले, हात धुतले आणि मोठ्या खोलीत जाऊन एकेक खोकं उचलून कपाटावर ठेवायला लागले.

शुक्रवारी दुपारी फोटो गेला. खिडकी, टेबल, मागे बंद दार. मोठ्या बाईंचं उत्तर आलं, की छान, अशीच खोली हवी होती, फोटो इतके दिवस का नाही पाठवलात?

रविवारी ती महिन्याचे अहवाल लिहायला बसली होती. दार उघडंच होतं. चिरंजीव नवा लॅपटॉप छातीशी धरून घरभर हिंडत होते. गॅलरीत ऊन होतं. हॉलमध्ये दंतवैद्यबाई कॅसेट न्यायला येऊन सासऱ्यांशी बोलत बसल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर भाजी निवडायला काढली होती. पलंगावर बसले तर दहा मिनिटांत पाठ अवघडली. शेवटी ते दारात येऊन उभे राहिले. चिडून नव्हे, खरोखरच अडून त्यांनी विचारलं, की मी बसू कुठे?

तिला विचार करावा लागला नाही.

"ओट्याच्या डाव्या टोकाला बस, उंच स्टूल घे. पाठीला भिंत मिळते. वरचा बोर्ड सैल आहे, चार्जर हाताने धरून ठेवावा लागतो. कुणाचा फोन आला तर बाथरूमपाशी जा, तिथे आवाज येत नाही."

एवढं तपशीलवार उत्तर चिरंजिवांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती वेळ बसता येतं तिथे?"

"बारापर्यंत," ती लिहिता लिहिता म्हणाली. "बारानंतर स्वयंपाक असतो. उठावं लागतं."